'पाठलाग': पुस्तकातील कोर्ट आणि पडद्यावरील कोर्ट



वाचनाच्या तासाला आम्हा शिक्षकांना एक प्रश्न हमखास येतो. "सर, सिनेमा बघितला, मग पुस्तक कशाला वाचायचं?" या अंकात त्याचे उत्तर एका जुन्या मराठी चित्रपटाच्या आधारे देण्याचा प्रयत्न करीत आहोत.

चित्रपट आहे 'पाठलाग'. दिग्दर्शक राजा परांजपे, साल १९६४. 'लाखाची गोष्ट' आणि 'जगाच्या पाठीवर' हे चित्रपटही त्यांचेच. 'पाठलाग'मध्ये डॉ. काशिनाथ घाणेकर आणि भावना यांच्या प्रमुख भूमिका आहेत. उत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही त्याला मिळाला. पण ही कथा मुळात पडद्यासाठी लिहिलेली नव्हती. जयंत देवकुळे यांच्या 'आशा परत येते' या कादंबरीवर चित्रपट बेतलेला आहे. पुढे १९६६ मध्ये राज खोसला यांनी याच कथेवर हिंदीत 'मेरा साया' काढला. सुनील दत्त आणि साधना यांचा हा चित्रपट आपल्या आजी-आजोबांना नक्की आठवत असेल.

कथेचे सूत्र थोडक्यात असे. एका नामांकित वकिलाची पत्नी मरण पावते. काही काळाने गुन्हेगारांच्या टोळीतली म्हणून एक स्त्री पकडली जाते. ती हुबेहूब त्याच्या पत्नीसारखी दिसते आणि "मीच तुमची पत्नी" असे सांगते. प्रकरण कोर्टात उभे राहते. ती खरी की खोटी? शेवट आम्ही सांगणार नाही!

आता पुस्तक आणि पडदा यांतला फरक पाहू. आधी नावेच घ्या. 'आशा परत येते' या नावात आशा नावाची स्त्री आहे आणि उमेदही आहे. शिवाय ती 'परत येते' असे नाव स्वतःच सांगून मोकळे होते. 'पाठलाग' हे नाव मात्र काहीच कबूल करीत नाही. कोण कोणाचा पाठलाग करतो आहे? कायदा त्या स्त्रीचा, की पत्नीची आठवण नवऱ्याचा? 'मेरा साया' म्हणजे माझी सावली. तेही नाव संशय कायम ठेवते. तिन्ही नावांखालची गोष्ट एकच, पण प्रत्येक नाव आपल्याला वेगळ्या जागी बसवते.

दुसरा फरक चेहऱ्याचा. पुस्तकात "ती अगदी तशीच दिसत होती" असे लेखक लिहितो आणि आपण त्याच्या शब्दावर विश्वास ठेवतो. चेहरा आपल्या मनात तयार होतो. पडद्यावर एकच अभिनेत्री समोर असल्याने साम्य आपल्या डोळ्यांना दिसते. मग आपणही साक्षीदार होतो आणि साक्षीदारासारखेच फसतो! त्यात गदिमांची गीते, दत्ता डावजेकरांचे संगीत आणि आशा भोसले यांचा आवाज. गेलेल्या पत्नीची आठवण सुरांतून मागे लागते. हे काम कागदावरच्या अक्षरांना असे जमत नाही. उलट पात्राच्या मनात पानेच्या पाने मुक्काम करणे कॅमेऱ्याला जमत नाही.

तिसरी गोष्ट कायद्याची. 'मेरा साया'त नवराच वकील म्हणून त्या स्त्रीची उलटतपासणी घेतो. प्रसंग रंगतो खरा, पण ज्या खटल्यात आपल्यालाच साक्ष द्यावी लागेल असे वाटते, तो खटला वकिलाने चालवू नये, असा बार कौन्सिल ऑफ इंडियाचा नियम आहे. नाट्यासाठी घेतलेली ही सूट ओळखता आली पाहिजे.

चेहऱ्यावरून माणूस ओळखण्याचा हा पेच आपल्या इतिहासातही आहे. १७६१ मध्ये पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. पुढे "मीच भाऊसाहेब" म्हणणारा एक तोतया उभा राहिला. त्याच्यावर विश्वास ठेवणारे लोकही निघाले. अखेर चौकशी होऊन १७७६ मध्ये पुण्यात त्याला देहदंड झाला. न. चिं. केळकरांचे 'तोतयाचे बंड' हे नाटक याच विषयावर आहे. लोकांना जे खरे व्हावेसे वाटते, ते खरे मानायला ते लवकर तयार होतात, हा त्यातला धडा.

पालकहो, हा प्रश्न आपल्या घरापासूनही फार दूर नाही. खानदेशातून, कोकणातून, देशावरून सुरतेला आलेल्या आपल्या कुटुंबांची कागदपत्रे मराठी, गुजराती आणि इंग्रजी अशा तीन लिपींतल्या नोंदींतून जातात. एका कागदावर एक स्पेलिंग, दुसऱ्यावर दुसरे. मग बोर्डाचा फॉर्म भरताना मुलाला "तो मीच" हे सिद्ध करावे लागते. वर्गात सगळे त्याला ओळखतात, पण कागद ओळखत नाही. म्हणून दाखला, जन्मनोंद आणि आधार कार्ड यांवरील नावे आताच जुळवून पाहावीत, ही विनंती.

आणि मित्रांनो, पुस्तक मिळाल्यास आधी ते वाचा, मग चित्रपट पाहा. त्यानंतर वहीत लिहा: तुम्ही न्यायाधीश असता, तर त्या स्त्रीला कोणते तीन प्रश्न विचारले असते? चेहरा बघून निकाल देणे सोपे असते. नेमके प्रश्न विचारायला मात्र शिकावे लागते, आणि त्यासाठीच वाचायचे.