चेहऱ्यावरची न भरणारी जखम आणि रक्त पातळ करणारी गोळी

नाकाच्या शेंड्यावर किंवा डोळ्याच्या कडेला मुगाएवढी गाठ येते. दुखत नाही, खाजत नाही. दाढी करताना पाते लागले की रक्त येते, खपली धरते, खपली पडली की पुन्हा तेच. असे महिनोन् महिने चालले तरी डॉक्टरला दाखवायचे कोणाच्या मनात येत नाही. चष्म्याने घासले असेल असे म्हणतात, नाहीतर चामखीळ समजून चुना किंवा बिब्बा लावतात. (बिब्बा चेहऱ्याला मुळीच लावू नये. त्याने कातडी भाजते व मूळ दुखणे झाकले जाते.) पन्नाशीनंतर चेहऱ्यावरची जखम महिनाभरात भरली नाही, तर ती त्वचेचा कर्करोग असू शकते.

गोऱ्या लोकांच्या मानाने आपल्याकडे हा रोग कमी आढळतो, पण आढळतो. त्याचे मुख्य प्रकार दोन. बेसल सेल हा प्रकार सावकाश वाढतो आणि सहसा शरीरात दूर पसरत नाही. मात्र जागच्या जागी नाक, पापणी कुरतडत जातो. आपल्या लोकांत तो पुष्कळदा काळपट असतो, म्हणून तीळ समजून सोडून दिला जातो. दुसरा स्क्वेमस सेल. ओठ व कान या त्याच्या आवडत्या जागा. तो अधिक वेगाने वाढतो व मानेतील गाठींत उतरू शकतो.

अडचण अशी, की ज्या वयात हा रोग होतो त्याच वयात हृदयविकार, अर्धांगवायू, झडपेची शस्त्रक्रिया यांमुळे अनेकांना रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतात. या गोळ्यांनी रक्त काही पाण्यासारखे होत नाही, फक्त गुठळी सहज धरत नाही. अ‍ॅस्पिरिन व क्लोपिडोग्रेल रक्तातील चकत्यांना चिकटू देत नाहीत. वॉरफरिन, अ‍ॅसिट्रॉम यांचे काम वेगळे. त्यांचा परिणाम आयएनआर या रक्ततपासणीने मोजावा लागतो. वॉरफरिन १९४८ साली उंदीर मारण्याचे औषध म्हणून बाजारात आले आणि १९५४ पासून माणसांना देऊ लागले. त्यामुळे मात्रेबाबत घरगुती हिशेब करू नयेत, हे वेगळे सांगायला नको. अलीकडच्या डॅबिगॅट्रान, रिव्हरॉक्सॅबान, अ‍ॅपिक्सॅबान या गोळ्यांना आयएनआर लागत नाही.

“डॉक्टर, गाठ काढायची आहे, गोळी किती दिवस आधी बंद करू?” हा प्रश्न हमखास येतो. कित्येकजण तर विचारतही नाहीत. शेजाऱ्याने मोतीबिंदूच्या वेळी केली होती म्हणून परस्पर बंद करून मोकळे होतात. चेहऱ्यावरची लहान गाठ काढताना बहुतेक वेळा गोळी बंद करण्याची गरज नसते. चेहऱ्यावरचे रक्त दिसते, बोटाने दाबता येते, टाका घालता येतो. मेंदूत किंवा हृदयाच्या झडपेवर धरलेली गुठळी दाबता येत नाही. कृत्रिम धातूची झडप असलेल्याने वॉरफरिन किंवा अ‍ॅसिट्रॉम मनाने थांबवणे म्हणजे जिवाशी खेळ आहे. नवीन स्टेंट बसवलेल्याचेही तसेच. पहिले काही महिने दोन गोळ्यांपैकी एकही सुटता कामा नये. याउलट, कोणताही हृदयविकार नसताना कोणी सांगितले म्हणून अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्याची गोळी डॉक्टर थांबवूही शकतील. मात्र तिचा परिणाम आठ-दहा दिवस राहतो; आदल्या दिवशी सोडून उपयोग नाही.

मग शस्त्रक्रिया केव्हा करावी? प्रथम छोटा तुकडा काढून तपासावा. तो गोळी चालू असतानाही काढता येतो. निदान बेसल सेलचे आले आणि स्टेंट दोन महिन्यांपूर्वीच बसला असेल, तर हृदयरोगतज्ज्ञांशी बोलून थोडे थांबता येते. थोडे म्हणजे काही आठवडे, फार तर काही महिने. वर्ष-दोन वर्षे नव्हे. दर महिन्याला गाठ मोजावी. स्क्वेमस सेल असेल तर वाट पाहू नये, गोळ्या चालू ठेवूनच शस्त्रक्रिया करावी. वॉरफरिनवाल्यांनी एक-दोन दिवस आधी आयएनआर करावा. तो साधारण ३.५ च्या आत हवा, जास्त असल्यास तारीख पुढे ढकलावी. नव्या गोळ्या घेणाऱ्यांनी शेवटची गोळी किती वाजता घेतली ते सांगावे. पापणीजवळची किंवा मोठी, कातडी बसवावी लागणारी शस्त्रक्रिया असेल, तर सर्जन व हृदयरोगतज्ज्ञ यांनी मिळून ठरवावे, कारण डोळ्यामागे रक्त साचले तर दृष्टीला धोका असतो. फार थकलेल्या रुग्णाला किरणोपचाराचाही पर्याय आहे.

माझा आग्रह असा, की तारीख सोमवार-मंगळवारची आणि वेळ सकाळची मागावी. रक्त पुन्हा आले तर ते पहिल्या दिवशी येण्याचा संभव अधिक, आणि शनिवारी रात्री गावात डॉक्टर शोधत फिरणे कठीण. सर्जनकडे जाताना सगळ्या गोळ्यांची पाकिटे पिशवीत घालून न्यावीत, लसणाच्या व माशाच्या तेलाच्या कॅप्सूलसुद्धा.

नंतर दुखले तर पॅरासिटामॉल घ्यावे. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन नको. वॉरफरिन चालू असताना मेट्रोनिडॅझोलसारखी औषधे मेडिकलमधून परस्पर आणू नयेत, आयएनआर एकदम चढतो. दोन रात्री उशी उंच घ्यावी, वाकून कामे करू नयेत. पट्टी भिजली तर स्वच्छ कापडाने घड्याळ लावून वीस मिनिटे दाबून धरावे, मध्ये उचलून पाहू नये. तरीही थांबले नाही, किंवा डोळ्याभोवती सूज वाढून दिसेनासे होऊ लागले, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.