नारळ खावा की सोडावा?

आमच्या वाडीत दोन घरे शेजारी शेजारी आहेत. एका घरात काकूंनी नारळ सोडला आहे. दुसऱ्या घरात आप्पा रोज उपाशी पोटी दोन चमचे खोबरेल पितात. दोघांनाही कोणीतरी शास्त्राचा हवाला दिला आहे. आता खरं कुणाचं?

रत्नागिरीच्या माणसाला हा प्रश्न लहान नाही. आमटीत नारळ, कालवणात नारळ, मोदकातही नारळच. भाट्याला १९५५ पासून नारळाचे संशोधन केंद्र आहे. पण ते झाडाकडे आणि फळाकडे बघते. खाल्लेल्या नारळाचे अंगात काय होते, हा शोध दुसऱ्यांचा.

थंडीच्या पहाटे खोबरेल बाटलीत गोठते, हे तुम्ही पाहिलेच असेल. अशा गोठणाऱ्या चरबीने रक्तातले कोलेस्टेरॉल वाढते. कोलेस्टेरॉल हा मेणासारखा पदार्थ आहे. तो फार वाढला, की रक्तवाहिन्यांत थर साचतो आणि हृदयाला धोका होतो. अमेरिकेतल्या अँसेल कीज यांनी १९५८ पासून सात देशांतल्या पुरुषांचे खाणे आणि हृदयविकार ताडून पाहिले. गोठणाऱ्या चरबीवरचा संशय तिथे बळावला. काकूंची भीती तिथून आली. मात्र त्या सात देशांत आपला देश नव्हता.

आप्पांचा आधार वेगळा. पॅसिफिक महासागरात टोकेलाऊ नावाची बेटे आहेत. तिथले लोक अंगातली निम्म्याहून जास्त ताकद नारळातून मिळवीत. तरी त्यांच्यात हृदयविकार थोडा, असे १९८१ साली छापून आले. पण त्याच लेखात आणखी एक गोष्ट होती. दुसऱ्या एका बेटावरचे लोक नारळ कमी खात, आणि त्यांचे कोलेस्टेरॉलही कमी होते. शिवाय दोन्हीकडे साखर फारशी खात नसत. एवढे आप्पांच्या मोबाईलवर आलेच नाही!

आणि खोबरे म्हणजे तेल नव्हे. शंभर ग्रॅम ओल्या खोबऱ्यात चरबी साधारण तेहतीस ग्रॅम. बाकीचे बहुतेक पाणी आणि चोथा. तेल म्हणजे नुसती चरबी.

इकडे काकूंचे काय झाले? नारळाशिवाय कालवण पांचट लागते, म्हणून मासे कमी झाले. भात आणि लोणचे वाढले. चहाबरोबर खारी चालूच राहिली. खारीतले वनस्पती तूपही गोठणारेच, पण तिकडे कुणाचे बोट गेले नाही. काकूंना थकवा आला, तेव्हा त्या डॉक्टरांकडे गेल्या.

डॉक्टरांनी विचारले, "काकू, एक नारळ किती दिवस पुरायचा?"

"चार माणसांत दोन दिवस."

"म्हणजे तुमच्या वाट्याला अर्धी वाटीही नाही. आणि खारी?"

काकू गप्प बसल्या.

"खारी सोडा, लोणचं कमी करा. मासे पुन्हा आणा. कालवणापुरता मूठभर नारळ घाला. रक्त तपासू, मग पुढचं ठरवू."

सोमवारी काकूंची तपासणी आहे. आप्पा अजून तपासायला गेलेले नाहीत.