क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्‌स

अमेरिकेतील डीसी कॉमिक्स या प्रकाशनसंस्थेने १९८५-८६ मध्ये बारा अंकांत प्रसिद्ध केलेली चित्रकथामाला. लेखक मार्व्ह वुल्फमन व प्रमुख चित्रकार जॉर्ज पेरेझ. वेगवेगळ्या मालिकांतील पात्रे एका कथानकात आणण्याच्या प्रकारास ‘क्रॉसओव्हर’ म्हणतात. संस्थेच्या बहुतेक सर्व महानायकांना अशा रीतीने एकत्र आणून त्यांच्या परस्परविसंगत पूर्वकथांऐवजी एकच सुसंगत इतिहास सिद्ध करणे, हा या मालेचा उद्देश होता.

पार्श्वभूमी : विसंगतीचे मूळ महानायकांच्या दीर्घायुष्यात होते. ‘फ्लॅश’ हा अतिवेगवान नायक १९४० मध्ये जे गॅरिक या नावाने अवतरला. १९५६ मध्ये त्याच उपाधीचा बॅरी ॲलन हा नवा नायक आला. गार्डनर फॉक्स यांनी १९६१ मधील ‘फ्लॅश ऑफ टू वर्ल्ड्‌स’ या कथेत दोघांची भेट घडवून आणली. त्यासाठी त्यांनी एकाच अवकाशात, पण भिन्न कंपनगतीने नांदणाऱ्या दोन पृथ्व्या कल्पिल्या. पुढे नव्या नायकांच्या जगास ‘पृथ्वी-एक’ व जुन्या नायकांच्या जगास ‘पृथ्वी-दोन’ अशी नावे मिळाली. ‘पृथ्वी-तीन’ वर नीतीच उलटी होती : तेथे परिचित नायकांची प्रतिरूपे गुन्हेगार, तर लूथर हा खलपुरुष एकमेव नायक. अन्य प्रकाशनसंस्थांकडून मिळविलेल्या पात्रांनाही स्वतंत्र पृथ्व्या देण्यात आल्या. पृथ्व्यांची ही वाढती संख्या नव्या वाचकांस गोंधळात टाकते, असे मत संस्थेत बळावले.

कथानक : प्रतिद्रव्य-विश्वाचा स्वामी अँटी-मॉनिटर एकामागून एक विश्वे नष्ट करतो; प्रत्येक संहाराबरोबर त्याचे सामर्थ्य वाढते. त्याचा प्रतिस्पर्धी मॉनिटर निरनिराळ्या पृथ्व्यांवरील नायक व खलनायक यांना एकत्र आणतो व पुढे स्वतः मारला जातो. उरलेली पाच विश्वे एकमेकांत मिसळू लागतात आणि भूत, वर्तमान व भविष्य यांतील प्राणी व वास्तू एकाच ठिकाणी दिसू लागतात. सातव्या अंकात सुपरगर्ल व आठव्यात बॅरी ॲलन यांना मृत्यू येतो. अखेर कालाच्या आरंभी झालेल्या संघर्षातून एकच विश्व नव्याने निर्माण होते. त्यात पृथ्वी-दोनवरील सुपरमॅनला स्थान उरत नाही. त्याचे जग नष्ट झाले एवढेच नव्हे, तर ते कधी अस्तित्वातच नव्हते असे ठरते.

परिणाम : सुपरमॅनची कथा जॉन बर्न यांनी १९८६ मध्ये, तर वंडर वूमनची पेरेझ यांनी १९८७ मध्ये प्रारंभापासून पुन्हा मांडली. मात्र एक धागा काढताच दुसरे उसवू लागले. बर्न यांच्या सुपरमॅनला ‘सुपरबॉय’ हे बालपण नव्हते. परंतु भविष्यकालीन ‘लीजन ऑफ सुपर-हीरोज’ या संघाची स्थापनाच सुपरबॉयच्या प्रेरणेने झाली होती. वंडर वूमनचे आगमन नव्या कालक्रमात उशिराचे ठरल्याने तिची अनुयायी वंडर गर्ल तिच्याआधीची ठरली. असे दोष दूर करण्यासाठी १९९४ मध्ये ‘झीरो अवर’ ही आणखी एक माला काढावी लागली.

मूल्यमापन : पेरेझ यांनी शेकडो पात्रांची गर्दी रेखाटतानाही प्रत्येकाचे व्यक्तित्व स्पष्ट राखले, हे या मालेचे ठळक वैशिष्ट्य. पात्रांच्या मृत्यूस तिने दिलेले गांभीर्य या वाङ्मयप्रकारात नवे नसले, तरी तोवर विरळच होते. तथापि मूळ हेतू टिकला नाही. ‘इन्फिनिट क्रायसिस’ (२००५-०६) व ‘५२’ (२००६-०७) या मालांनी अनेक विश्वांची कल्पना पुन्हा प्रस्थापित केली. २००८ मध्ये बॅरी ॲलनही परतला. रद्द ठरविलेल्या कथा वाचकांच्या व लेखकांच्या स्मरणातून पुसता आल्या नाहीत, हे त्याचे प्रमुख कारण होय. स्वतः मालेच्या अखेरच्या प्रसंगातही नष्ट झालेली विश्वे ज्याला आठवतात, असा सायको-पायरट हा एक कैदी मागे उरतो, हे या संदर्भात लक्षणीय आहे.