वैद्यकाची वाट आणि शुश्रूषेची वाट

दहावीचा निकाल लागून पेढे वांटून झाले, कीं शहरांतल्या पांढरपेशा घरांत जी पहिली चर्चा सुरू होते तिच्यांत ‘डॉक्टर’ हा शब्द आल्यावांचून राहत नाहीं. मुलगी हुशार आहे, जीवशास्त्राची तिला गोडी आहे, एवढें कळलें कीं मामा, काका, शेजारी सर्वांचें एकमत होतें. परिचारिकेच्या शिक्षणाचें नांव मात्र ह्या बैठकींत निघत नाहीं. तें निघतें दोन वर्षांनीं, तेंहि दबक्या आवाजांत, प्रवेशपरीक्षेंत अपेक्षेइतके गुण मिळाले नाहींत म्हणजे. जी वाट आधीं नीट पाहून मग धरावयाची किंवा सोडावयाची, ती अशी पराभवाच्या दिवशीं समोर येते, आणि मग तिच्याकडे डोळे उघडून पाहण्याचें त्राण कोणांत उरलेलें नसतें. दोन्ही वाटांचा हिशेब निकालाच्या आधींच मांडला पाहिजे, आणि त्यांत शुल्काबरोबरच वर्षें, व्याज व रोजच्या कामाचें स्वरूप हींहि धरलीं पाहिजेत.

प्रथम वैद्यकाची वाट. बारावीला भौतिक, रसायन व जीवशास्त्र, आणि नंतर साऱ्या देशाला एकच असलेली ‘नीट’ परीक्षा. (इंग्रजी आद्याक्षरांच्या ह्या नांवाचा मराठींतल्या ‘नीट’ शब्दाशीं कांहीं संबंध नाहीं, हें त्या परीक्षेच्या तयारींत बुडालेलें घर एकदां पाहिलें म्हणजे सहज पटतें.) परीक्षा ७२० गुणांची, त्यांतले निम्मे जीवशास्त्राचे. २०२४ सालीं ती देणारे २३ लाखांहून अधिक होते, आणि एम्. बी. बी. एस्. च्या जागा सव्वा लाखाच्याहि आंत. त्या जागांपैकीं सरकारी महाविद्यालयांतल्या साधारण निम्म्या. जागा मिळाली तर साडेचार वर्षें अभ्यास व एक वर्ष रुग्णालयांतील सक्तीची उमेदवारी, मिळून साडेपांच वर्षें. तेथें थांबणारे आतां थोडे. एम्. डी. किंवा एम्. एस्. साठीं पुन्हां प्रवेशपरीक्षा व तीन वर्षें. हृदय, मेंदू अशा एकाच इंद्रियाचें विशेष ज्ञान मिळवावयाचें तर आणखी तीन. अठराव्या वर्षीं निघालेला विद्यार्थी एकहि वर्ष न गमावतां तिशीच्या उंबरठ्यावर येतो. आणि वर्ष न गमावणारे भाग्यवान विरळा. बारावीनंतर एक, कधीं दोन वर्षें केवळ ‘नीट’साठीं घरीं बसणें ही आतां रीतच होऊन बसली आहे.

खर्चाच्या बाबतींत सरकारी जागा आणि खाजगी जागा ह्यांत जमीनअस्मानाचें अंतर आहे. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेंत सबंध शिक्षणाचें शुल्क कांहीं हजारांतच आटोपतें. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयांत शिक्षण सरकारी खर्चानें होतें, मात्र पुढें सैन्यांत ठराविक वर्षें सेवा करावी लागते. महाराष्ट्राच्या सरकारी महाविद्यालयांत वर्षाला लाख-दीड लाख धरावा. पदवीनंतर एक वर्ष सरकारी सेवेचा करार असतो. खाजगी महाविद्यालयांत हाच आंकडा वर्षाला आठ-दहा लाखांवर जातो, आणि कित्येक अभिमत विद्यापीठांत २० लाखांच्याहि पुढें. वसतिगृह, भोजन, पुस्तकें हीं निराळींच.

जुलै २०२४ मधील महाराष्ट्र शासनाचा एक निर्णय पुष्कळ पालकांच्या वाचनांतून निसटलेला दिसतो. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग आणि इतर मागासवर्ग ह्यांतील, ज्यांच्या घरचें वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आंत आहे अशा मुलींना, सरकारी प्रवेशप्रक्रियेंतून व्यावसायिक शिक्षणाची जागा मिळाली तर शिक्षणशुल्क व परीक्षाशुल्क पूर्ण माफ होतें. खाजगी अभिमत विद्यापीठें त्यांत येत नाहींत. घरांत बसून आंकडेमोड करण्यापूर्वीं आपली मुलगी ह्यांत बसते कीं नाहीं, हें पाहिलेलें बरें.

बसत नसेल तर काय होतें? ठाण्याचें एक घर कल्पनेनें डोळ्यांपुढें आणावें. वडील बँकेंत, आई शिक्षिका, म्हातारी आजी, आणि दुसऱ्यांदा ‘नीट’ दिलेली मुलगी. सरकारी जागा थोडक्यांत हुकली. अभिमत विद्यापीठांतील मिळत आहे. चिपळूणकडे वडिलोपार्जित घर व थोडी आंब्याची बाग आहे, ती तारण ठेवण्याची वडिलांची तयारी आहे. ‘बाग गेली तरी चालेल, पोरीचें शिक्षण अडूं देणार नाहीं,’ असें ते म्हणतात. आजी विचारते, ‘आणि हप्ते कोण भरणार रे? तीच ना?’

आजींचा प्रश्न गणिताचा आहे. वर्षाला २० लाख ह्याप्रमाणें साडेचार वर्षांचे ९० लाख. व्याज शेंकडा १० धरलें, आणि शिक्षण संपून एक वर्षापर्यंत हप्ता माफ असला, तरी व्याज माफ नसतें. दरवर्षीं उचललेल्या रकमेवर सरळव्याज धरलें तरी तोंपर्यंत साडेबेचाळीस लाख होतात. एकूण एक कोटी साडेबत्तीस लाख. पंधरा वर्षांत फेडावयाचे तर महिन्याचा हप्ता सुमारें १ लाख ४२ हजार. सातव्या वेतन आयोगाप्रमाणें केंद्र सरकारच्या नोकरींत नव्या डॉक्टरचें मूळ वेतन ५६,१०० रुपये आहे. भत्ते मिळविले तरी हप्त्याच्या आसपास पोंचणें कठीण, आणि एम्. डी. ची तीन वर्षें तर अजून उरलेलींच! अशा घरांतली मुलगी एम्. डी. होईपर्यंत हप्ते बापाच्या निवृत्तीच्या पैशांतून जातात. ज्यांच्यापाशीं पैसा आहे त्यांची गोष्ट वेगळी. पण ज्यांना बाग तारण ठेवावी लागते त्यांनीं हा आंकडा कागदावर लिहून एकदां मोठ्यानें वाचावा.

परदेशांत स्वस्तांत डॉक्टर करून देण्याच्या जाहिरातींनाहि येथें एका वाक्यांत उत्तर देतां येईल. २०२१ च्या नियमांप्रमाणें तेथें किमान ५४ महिन्यांचा अभ्यास व एक वर्षाची उमेदवारी, मग येथें चाळणीपरीक्षा व पुन्हां एक वर्षाची उमेदवारी. आणि त्या चाळणींतून बसणाऱ्यांपैकीं बहुसंख्य खालीं पडत नाहींत, वरच अडकून राहतात.

आतां शुश्रूषेची वाट. चरकसंहितेंत चिकित्सेचे चार पाय सांगितले आहेत: वैद्य, औषध, रोगी आणि उपस्थाता, म्हणजे शुश्रूषा करणारा. ह्या चौथ्या पायाचें आधुनिक शिक्षण तीन पायऱ्यांनीं होतें. दोन वर्षांचा ए. एन्. एम्. हा अभ्यासक्रम मुख्यतः खेड्यांतील आरोग्यसेवेसाठीं. तीन वर्षांचा जी. एन्. एम्. कोणत्याहि शाखेची बारावी इंग्रजीसह उत्तीर्ण झालेल्यांस खुला. आणि चार वर्षांची बी. एस्सी. नर्सिंग ही पदवी, तिच्यासाठीं बारावीला विज्ञान हवें. पदवीच्या प्रवेशासाठीं महाराष्ट्रांत स्वतंत्र राज्यपरीक्षा होते. जी. एन्. एम्. झालेल्यांस पुढें दोन वर्षांत पदवी घेतां येते, म्हणजे ही वाट मध्येंच थांबून, कमावून, पुन्हां धरतां येते. वैद्यकांत अशी सोय नाहीं. मुलगे येथें येतात, पूर्वींपेक्षां पुष्कळ अधिक येतात, आणि वॉर्डांत ‘ब्रदर’ ही हांक आतां कोणास नवी राहिलेली नाहीं.

सरकारी संस्थांत शुल्क हजारांत मोजावयाचें असतें. खाजगी संस्थांत वर्षाला साधारण लाखभर, कोठें कमी, कोठें अधिक. लष्करी परिचर्या सेवेसाठीं निवडलेल्या मुलींचें शिक्षण सरकारी खर्चानें होऊन पुढें लेफ्टनंटचा हुद्दा मिळतो. वरच्याच रीतीनें खाजगी पदवीचा हिशेब केला तर चार लाखांचें कर्ज व्याजासह पांच लाख चाळीस हजार होतें, आणि पंधरा वर्षांचा हप्ता ५,८०० रुपये. बाविसाव्या वर्षीं मुलगी कमावती होते. केंद्र सरकारच्या रुग्णालयांत परिचर्या अधिकाऱ्याचें मूळ वेतन ४४,९०० रुपये आहे. वर दिलेल्या डॉक्टरच्या वेतनाशेजारीं हा आंकडा ठेवून पाहावा.

ही झाली उजेडाची बाजू. सरकारी जागा थोड्या, आणि खाजगी रुग्णालयांची गोष्ट वेगळी आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालावरून नेमलेल्या समितीनें २०१६ सालीं सुचविलें कीं, पन्नासपेक्षां कमी खाटांच्या रुग्णालयांतहि परिचारिकेस महिना २०,००० रुपयांहून कमी देऊं नये, आणि दोनशेंहून अधिक खाटांच्या रुग्णालयांनीं सरकारी वेतनाची बरोबरी करावी. दहा वर्षांत अनेक ठिकाणीं ही शिफारस कागदावरच राहिली. पाळीचें काम, महिन्यांतल्या कित्येक रात्री जागरण, एका परिचारिकेच्या वांट्याला नियमापेक्षां कितीतरी अधिक रोगी, हें सर्व सांगितल्याशिवाय मुलीला ह्या वाटेला लावणें म्हणजे फसवणूक होय. पुष्कळ जणी परदेशाचा रस्ता धरतात तो ह्यामुळेंच. जर्मनीसाठीं जर्मन भाषा शिकावी लागते, अमेरिकेसाठीं तेथील परवानापरीक्षा द्यावी लागते. केरळच्या मुलींनीं हा रस्ता फार पूर्वीं मळविला, महाराष्ट्रांतल्या मुली आतां त्यावर दिसूं लागल्या आहेत.

येथवर पैशाचा हिशेब झाला. परंतु सर्वांत मोठी चूक पैशाची नसते. परिचारिका म्हणजे अर्ध्यावर राहिलेली डॉक्टर, ही समजूत मूळचीच खोटी आहे. बी. एस्सी. नर्सिंगवरून एम्. बी. बी. एस्. कडे जाणारा कोणताहि आडरस्ता नाहीं. तिकडे जावयाचें तर पुन्हां ‘नीट’पासूनच सुरुवात. आणि कामहि दोन जातींचें आहे. डॉक्टर रोग ओळखतो, निर्णय घेतो व पुढच्या खाटेकडे जातो. त्या निर्णयाचें ओझें त्याच्या डोक्यावर रात्रंदिवस असतें. परिचारिका त्याच रोग्यापाशीं आठ तास राहते. रात्रीं तीन वाजतां श्वास बदलला तर तो प्रथम तिच्या कानांना कळतो. ठाण्याच्या त्या घरांतली आजी मांडीचें हाड मोडून रुग्णालयांत पडली होती असें धरलें, तर शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरचें नांव ती मुलाला विचारून सांगेल. कूस बदलून देणाऱ्या सिस्टरचें नांव, गांव आणि तिच्या धाकट्या भावाची परीक्षा केव्हां आहे, हें मात्र तिला तोंडपाठ असेल. ज्या मुलीला निदानाच्या कोड्यांत रस आहे ती वॉर्डांत कंटाळेल. जिला माणसांत रमतें तिला तपासणीच्या खोलींतली पांच पांच मिनिटांची भेट अपुरी वाटेल.

घरच्या बैठकींत ह्या कामाविषयीं जो संकोच आहे तो आजचा नाहीं. १९०९ सालीं पुण्यांत रमाबाई रानडे ह्यांनीं सेवासदन काढलें, आणि तेथील स्त्रियांना ससून रुग्णालयांत शुश्रूषेचें शिक्षण मिळावें अशी व्यवस्था केली. परपुरुषांची सेवा करणें हें कुलीन स्त्रीचें काम नव्हे, असा तेव्हांचा समज. तरी विधवा व गरजू स्त्रिया पुढें आल्या. अमेरिकेंत १८८६ सालीं डॉक्टर झालेल्या आनंदीबाई जोशी ह्यांचें नांव आज शाळकरी मुलांनाहि ठाऊक आहे. सेवासदनाच्या त्या पहिल्या परिचारिकांपैकीं एकीचें तरी नांव सांगूं शकणारा विरळा.

ज्या घरीं हा विचार चालला असेल तेथें ‘नीट’चा अर्ज भरतांनाच नर्सिंगच्या राज्यपरीक्षेचाहि भरावा. संस्था निवडतांना इमारत पाहूं नये. तिचें स्वतःचें चालतें रुग्णालय आहे कीं नाहीं, खाटांवर खरोखर रोगी आहेत कीं नाहींत, आणि भारतीय परिचर्या परिषद व राज्य परिषद ह्यांची मान्यता त्या वर्षापुरती चालू आहे कीं नाहीं, एवढें पाहावें. राज्य परिषदेच्या नोंदणीखेरीज पदवीचा कागद हातांत असूनहि काम करतां येत नाहीं. आणि शक्य झाल्यास ओळखीच्या रुग्णालयांत परवानगी काढून मुलीला एक सबंध दिवस वॉर्डांत बसवावें: सकाळीं डॉक्टरांच्या फेरीच्या आधीं, आणि फेरी संपून ते निघून गेल्यानंतरहि. संध्याकाळीं घरीं आल्यावर मामा-काकांनीं कांहीं विचारूं नये. ती आपण होऊन कोणाविषयीं बोलते, तें ऐकावें.