जंताच्या गोळीनंतर पोटाची काळजी

शाळेत जंताची गोळी दिली आणि त्या संध्याकाळी मुलगा जेवला नाही, पोट दुखते म्हणू लागला, की घरात काळजी सुरू होते. मग "गोळी बाधली" असे म्हणून पुढच्या खेपेस त्या दिवशी मुलाला शाळेतच पाठवायचे नाही, असेही काही घरांतून ठरते. यात नुकसान मुलाचेच आहे. म्हणून ही गोळी पोटात काय करते आणि त्यानंतर पचन कसे सावरावे, हे सभासद बंधू-भगिनींनी व विद्यार्थ्यांनी समजून घेणे जरुरीचे आहे.

राष्ट्रीय जंतनाशक दिनाची मोहीम आपल्या देशात २०१५ साली सुरू झाली. तीत १ ते १९ वर्षे वयाच्या मुलामुलींना अल्बेंडाझोलची ४०० मिलिग्रॅमची एक गोळी चावून खायला देतात. १ ते २ वर्षांच्या बाळाला अर्धी गोळी चुरून पाण्यातून देतात. या औषधामुळे जंतांना साखर शोषून घेता येत नाही. ते उपासमारीने मरतात आणि पुढील काही दिवसांत शौचावाटे पडून जातात. ते डोळ्यांना दिसतीलच असे नाही.

ज्याच्या पोटात जंत अधिक, त्याला मळमळ, पोटदुखी, चक्कर किंवा एखादी उलटी असा त्रास होण्याचा संभव अधिक. हा त्रास बहुधा सौम्य असतो व एक-दोन दिवसांत आपोआप थांबतो. म्हणजे पुष्कळदा त्रास होणे ही गोळीची गरज होती याचीच खूण असते.

चरकसंहितेच्या विमानस्थानात कृमिरोगाच्या उपचाराच्या तीन पायऱ्या सांगितल्या आहेत. कृमी बाहेर काढणे हे अपकर्षण, कृमींना पोषक अशी पोटातील स्थिती मोडणे हा प्रकृतिविघात आणि मूळ कारण टाळणे हे निदानपरिवर्जन. आजची गोळी पहिली पायरी उत्तम रीतीने पार पाडते. उरलेल्या दोन मात्र घरातच पार पाडायच्या आहेत.

गोळीनंतर अन्नावर वासना नसेल, तर अग्नी मंद झाला आहे असे आयुर्वेद म्हणतो. अशा वेळी जबरदस्तीने जेवू घालू नये. पोटशुद्धीनंतर आधी पातळ पेया, मग दाट विलेपी, मग कडधान्याचे कढण आणि शेवटी नेहमीचे जेवण, असा क्रम वैद्यकात सांगितला आहे. आपल्या घरी तो सहज पाळता येतो. पहिल्या दिवशी मीठ व जिरे घातलेली तांदळाची पेज द्यावी. दुसऱ्या दिवशी मऊ भात व मुगाचे कढण, त्यात किंचित हिंग व सुंठ घालावी. मोठ्या मुलांना भाजलेल्या जिऱ्याचे ताजे, पातळ ताक द्यावे. तिखट कालवण, सुकट, तळलेले पदार्थ व गोडधोड दोन दिवस बाजूला ठेवावे. मुलाला काहीच त्रास नसेल, तर कसलेही पथ्य न पाळता नेहमीचे जेवण द्यावे.

पेजेची महती जुनी आहे. विनयपिटकाच्या महावग्गात यागूचे, म्हणजे पेजेचे, दहा गुण सांगितले आहेत. भूक व तहान भागवणे, वायू सरळ करणे आणि न पचलेले पचवणे हे त्यांपैकीच होत.

काही गोष्टी मात्र टाळाव्यात. पूर्वी सँटोनिनसारख्या औषधानंतर एरंडेलाचा जुलाब देत. आजच्या गोळीनंतर त्याची गरज नाही, उलट मूल थकते. वावडिंग हे आयुर्वेदात कृमिनाशक म्हणून प्रसिद्ध आहे, परंतु गोळीऐवजी ते देऊन थांबू नये. गरोदर स्त्रीने तर डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय गोळी किंवा वावडिंग काहीच घेऊ नये. उलट्या थांबत नसतील, ताप चढला, पोट फुगून कडक झाले, अंगावर पुरळ उठले किंवा शौचावाटे रक्त गेले, तर घरगुती उपाय सोडून लगेच प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे.

आता शेवटची पायरी. अलिबाग, मुरूड, श्रीवर्धनच्या बाजूची ओलसर, सावलीची वाडी आणि पावसाळ्यातील शेत जंतांना मानवते. उघड्यावरील शौचातून गोल जंतांची अंडी मातीत मिसळतात, दोन-तीन आठवड्यांत तयार होतात आणि न धुतलेल्या हातांवरून, भाजीवरून, पाण्यातून पुन्हा पोटात जातात. आकडेकृमीच्या अळ्या तर अनवाणी पायाच्या कातडीतूनच शिरतात, आतड्याला चिकटून रक्त पितात आणि मुले फिकट, निरुत्साही होतात. अशा मुलांसाठी नाचणी व पालेभाज्या ताटात असाव्यात आणि शाळेतून मिळणारी लोहाची गोळी चुकवू नये.

शौचालयाचा वापर, पायात चप्पल, कापलेली नखे, जेवणापूर्वी व शौचानंतर साबणाने हात धुणे, पाणी उकळून पिणे, एवढे पाळले तर पोट पुन्हा बिघडण्याचे मूळच तुटते. याच जिल्ह्यात महाडच्या चवदार तळ्यावर १९२७ साली बाबासाहेबांनी पाण्याचा हक्क बजावला. ते पाणी घराघरांत निर्मळ राखणे हे आपले काम आहे. विद्यार्थी मित्रांनी पुढच्या गोळीच्या दिवशी आपल्या धाकट्या भावंडांना स्वतः शाळेत घेऊन जावे आणि घरी आल्यावर हौसेने पेज करून द्यावी.