शाळेत शिकवली स्पॅनिश, पोरांनी तयार केली स्वतःचीच भाषा!

मराठी नेमकी किती जुनी, यावर आपण शिलालेख आणि ताम्रपट काढून भांडू शकतो. पण जगात एक भाषा अशी आहे, जिचा जन्म अभ्यासकांच्या जवळजवळ डोळ्यांदेखत झाला. तिला जन्म देणारी माणसं आज पन्नाशी-साठीत असतील. तेव्हा ती शाळेत जाणारी पोरं होती. आणि त्यांना ऐकू येत नव्हतं.

ही गोष्ट आहे मध्य अमेरिकेतल्या निकाराग्वा या देशाची.

१९७० च्या दशकापर्यंत इथली कर्णबधिर मुलं बहुतेक घरातच वाढायची. दुसरं कर्णबधिर माणूस भेटण्याची शक्यता जवळपास शून्य. घरच्यांशी काम भागवायला प्रत्येक मूल आपापल्या खुणा शोधायचं. भूक लागली, पाणी दे, इकडे ये. एका घरातली खूण दुसऱ्या घरात चालायची नाही.

१९७७ मध्ये राजधानी मानाग्वामध्ये विशेष मुलांची शाळा सुरू झाली आणि साधारण पन्नास कर्णबधिर मुलं पहिल्यांदा एका छताखाली आली. १९७९ मध्ये क्रांती झाली, सँडिनिस्टा सत्तेत आले, त्यांनी शिक्षणावर भर दिला. १९८० मध्ये मोठ्या मुलांसाठी व्यवसाय शिक्षणाची शाळा निघाली. १९८३ पर्यंत दोन्ही शाळांत मिळून चारशेपेक्षा जास्त मुलं झाली.

वर्गात काय शिकवायचे? ओठ वाचा आणि स्पॅनिश बोला. बहुतेकांच्या हाती त्यातलं फारसं काही लागलं नाही.

पण खरी शाळा बसमध्ये आणि मधल्या सुट्टीत भरत होती. प्रत्येकाने घरून आणलेल्या खुणा एकमेकांत मिसळल्या, काही टिकल्या, काही गळल्या. शिक्षकांना मात्र मुलं आपसांत काय बोलतायत हे कळेना. १९८६ मध्ये सरकारने ज्युडी केगल या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ महिलेला बोलावलं. त्यांच्या लक्षात एक गोष्ट आली. मोठ्या मुलांच्या खुणा अजून ओबडधोबड होत्या, पण लहान मुलांचे हात सफाईने चालत होते आणि त्यात नियम दिसत होते. म्हणजे ज्यांच्याकडून शिकली, त्यांच्यापेक्षा ही चिल्लीपिल्ली भाषेत पुढे गेली होती.

पुढे गेली म्हणजे नेमकं काय? इथे २००४ मध्ये प्रसिद्ध झालेला अ‍ॅन सेंगस आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा प्रयोग बघू. त्यांनी तीन वेगवेगळ्या काळात शाळेत आलेल्या कर्णबधिरांना एक कार्टून दाखवलं. त्यात मांजर बोलिंगचा चेंडू गिळतं आणि उतारावरून गडगडत खाली जातं. आता हे हाताने सांगा.

तुम्ही-आम्ही हाताने सांगायला गेलो तर हात गोल फिरवत फिरवत खाली नेऊ. एकच हालचाल, जशी दिसली तशी. पहिल्या तुकडीतल्या लोकांनीही बहुतेक वेळा तेच केलं. नंतरच्या तुकड्यांनी मात्र त्या हालचालीचे दोन तुकडे केले. आधी 'गडगडणे', मग 'खाली जाणे'.

वरवर बघता हे उलटंच वाटतं. प्रत्यक्षात मांजर आधी गडगडून मग खाली जात नाही, दोन्ही एकदमच होतं. पण मराठीत आपणही 'गडगडत' आणि 'खाली गेलं' असे वेगळे शब्दच वापरतो की! वेगळे असल्यामुळेच 'घसरत खाली गेलं', 'उड्या मारत वर गेलं' अशी हवी ती जुळणी करता येते. हातवारे आणि भाषा यात हाच मोठा फरक. आणि हा फरक कुठल्याही समितीने बसून ठरवला नव्हता. तो लहान मुलांनी केला, आपण काही वेगळं करतोय याची कल्पनाही नसताना.

मग पहिल्या तुकडीने लहानांचं बघून हे उचललं नाही का? नाही. प्रयोगाच्या वेळी ती मोठी माणसं होती, इतकी वर्षं खुणांनी बोलत होती, तरी त्यांची पद्धत बहुतांशी जुनीच राहिली. व्याकरण इतक्या सहज घडवण्याची ताकद लहान वयात असते, पुढे ती ओसरत जाते.

मला यातली हीच बाजू अस्वस्थ करते. खुणा शिकवल्या तर मूल बोलायचा कंटाळा करेल, ही भीती आपल्याकडेही कर्णबधिर मुलांच्या अनेक पालकांना असते. बोलणं येईल या आशेवर खुणा टाळल्या आणि बोलणंही नीट आलं नाही, तर मधली वर्षं कुठल्याच भाषेविना जातात. ती भरून काढणं फार अवघड असतं.

पण सगळंच हातातून जातं असंही नाही. जेनी पायर्स आणि सेंगस यांनी निकाराग्वामध्येच आणखी एक चाचणी घेतली. एक जण वस्तू ठेवून बाहेर जातो, मागे दुसरा ती हलवतो. परत आल्यावर पहिला कुठे शोधेल? साहजिकच, जिथे ठेवली तिथे, कारण हलवल्याचं त्याला माहीतच नाही. पहिल्या तुकडीतली मोठी माणसं इथे वारंवार चुकली, त्यांच्यापेक्षा लहान असलेले बरोबर आले. पहिल्या तुकडीच्या बोलण्यात 'वाटणे', 'माहीत असणे' अशा अर्थाच्या खुणाही फारशा नव्हत्या.

दोन वर्षांनी तीच माणसं पुन्हा तपासली. मधल्या काळात कर्णबधिरांच्या संघटनेत त्यांचं लहानांसोबत उठणं-बसणं वाढलं होतं. आता त्यांच्या हातात मनातलं सांगणाऱ्या त्या खुणा आल्या होत्या आणि चाचणीतली उत्तरंही सुधारली होती.