उत्तर दाखवणारी सुई

आमच्या बिडकीनच्या हॉस्टेलच्या जिन्यात कुणीतरी खडूने ‘सेंट्रल जेल’ लिहून ठेवलंय. लाइट गेली, मेसमध्ये सलग तिसऱ्या दिवशी वांगं आलं की आम्ही सगळे तेच म्हणतो. गेल्या सेमला माझा एम-थ्री राहिला, तेव्हा मी जरा जास्तच म्हणायचो. (कॉन्व्हेंटवाला आहे, मराठीच्या चुका सांभाळून घ्या!)

ऑगस्ट २०२५ मध्ये मेसमधल्या पेपरात बातमी वाचली: ग्रुप कॅप्टन दिलीप पारुलकर यांचं निधन. नाव ऐकलं नव्हतं, म्हणून शोधून वाचलं. आणि खऱ्या जेलची गोष्ट कळली.

१९६५ च्या युद्धात पारुलकरांच्या खांद्याला जखम झाली. विमान सोडून उडी मारण्याचा सल्ला मिळूनही त्यांनी ते परत आणलं. १० डिसेंबर १९७१ ला मात्र त्यांचं सुखोई-७ पाडलं गेलं आणि ते पाकिस्तानात युद्धकैदी झाले. आठवडाभरात युद्ध संपलं, पण रावळपिंडीच्या कॅम्पमधून सुटका कधी, ते कुणालाच माहीत नव्हतं.

मित्रांनो, इथेच पॉझिटिव्ह ॲटिट्यूडचा खरा अर्थ कळतो. व्हिएतनाममध्ये साडेसात वर्षं कैदेत राहिलेले अमेरिकन अधिकारी जेम्स स्टॉकडेल सांगत, की ‘नाताळपर्यंत सुटू’ म्हणणारे आधी खचले. नाताळ यायचा आणि जायचा! शेवटी आपण सुटणार हा विश्वास हवा, पण आजची परिस्थिती आहे तशी बघायलाही हवी.

पारुलकर आणि त्यांच्या सोबत्यांनी तारखा मोजल्या नाहीत, काम काढलं. शाळेच्या ॲटलासवरून नकाशा उतरवला. सुई चुंबकित करून होकायंत्र बनवलं. आपण फिजिक्स लॅबमध्ये हेच करतो आणि जर्नल लिहून विसरतो! खोलीच्या भिंतीला हळूहळू भोक पाडलं. १२-१३ ऑगस्ट १९७२ च्या रात्री पारुलकर, ग्रेवाल आणि हरीश सिंहजी बाहेर पडले. बसने पेशावर, तिथून लंडी कोतल. अफगाण सरहद्द जेमतेम चार मैल उरली होती.

तिथे त्यांनी लंडी खान्याचा रस्ता विचारला. नकाशावरचं ते रेल्वे स्टेशन १९३२ सालीच बंद पडलेलं! संशय आला आणि तिघे पकडले गेले. तेव्हाही पारुलकरांचं डोकं शांत होतं. कॅम्पमध्ये चांगलं वागवणारे पाकिस्तानी अधिकारी उस्मान हमीद यांना फोन लावायला त्यांनी सांगितलं. त्या फोनमुळे तिघांचा जीव वाचला. १ डिसेंबर १९७२ ला सगळे वाघ्याला भारतात परतले.

म्हणजे पलायन फसलंच ना, असं माझा रूममेट म्हणाला. फसलं, खरंय. पण आठ महिने ते नुसते कैदी नव्हते. त्यांच्या हाताला रोज काम होतं.

जिन्यातलं ‘सेंट्रल जेल’ अजून तसंच आहे. मी फक्त म्हणणं बंद केलंय. ‘होईल रे पास’ हेसुद्धा बंद. रोज रात्री लाप्लासची पाच गणितं, लाइट गेली तर मोबाईलच्या उजेडात. पुढच्या महिन्यात पेपर आहे. रिझल्ट काय लागेल ते माहीत नाही, पण आज भिंतीचं थोडं प्लास्टर निघालंय.